दुष्काळ कोणाच्या पापाने?

महाराष्ट्रात देवळांचे जीर्णोद्धार उदंड झाले. राजांनी केले, सरदारांनी केले, सावकारांनी केले. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांनी १७८० च्या सुमारास काशीविश्वेश्वराचे मंदिर पुन्हा उभे केले, सोमनाथासही नवे देऊळ बांधले. या सर्वांजवळ द्रव्य होते, माणसे होती. परंतु दिवाळे निघालेल्या, घरची माणसे दुष्काळात गमावलेल्या एका वाण्याने पडके देऊळ नीट करावयास घेतले, असे म्हटले की डोळ्यांपुढे देहू उभे राहते. हा वाणी म्हणजे तुकोबाराय. त्यांनी ते देऊळ कोणत्या दिवसांत दुरुस्त केले हे लक्षात घेतले म्हणजे एक फार जुना प्रश्न समोर येतो. देव दयाळू आहे असे आपण म्हणतो. मग निरपराध माणसे अन्नान्न करीत का मरतात? कोणाच्या पापाने मरतात? आणि याचे उत्तर देण्याची जबाबदारी कोणाची? देवाची, राजाची, की मरणाऱ्याचीच?

१६३० साली दख्खन आणि गुजरातेत पाऊस पडला नाही. पुढच्या वर्षी काही भागांत तो इतका पडला की उरलेसुरले वाहून गेले. त्या वेळी सुरतेहून बऱ्हाणपूरमार्गे आग्र्यास गेलेला पीटर मंडी नावाचा इंग्रज व्यापारी वाटेवर पडलेल्या प्रेतांचे वर्णन लिहून गेला आहे. शहाजहान बादशहाचा इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी याने तर पिठात हाडांची पूड मिसळून विकली जात होती, माणसे माणसांचे मांस खाऊ लागली होती, असे नमूद केले आहे. दरबारी इतिहासकार धन्याच्या राज्याची बदनामी होईल असे सहसा लिहीत नाही. त्यानेच हे लिहिले, यावरून परिस्थितीची कल्पना यावी.

याच १६३० साली, १९ फेब्रुवारीस, शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला. त्याच सुमारास विजापूरचा सरदार मुरार जगदेव याने पुणे जाळून बेचिराख केले आणि गावावर गाढवाचा नांगर फिरवला. जुनी माणसे 'अस्मानी-सुलतानी' असा जोडशब्द वापरतात, तो अशाच दिवसांतून आलेला आहे. या शब्दात शहाणपण आहे. वरून येणारे संकट एक आणि माणसाने आणलेले दुसरे, असा भेद त्यात आहे. आणि दोन्ही बहुधा हातात हात घालून येतात, ही जाणीवही आहे. पाऊस न पडणे ही अस्मानी झाली. पण फौजांनी पेवे उपसून नेणे, बैल ओढून नेणे, ही सुलतानी. त्यामुळे पुढे कोणी 'देवाची करणी' असे म्हटले की त्यात देवाचा वाटा किती आणि माणसाचा किती, हे पाहूनच मान डोलवावी.

तुकोबांचे त्या वेळी वय बावीस-तेवीस. जन्म १६०८ चा धरला जातो. आईवडील आधीच निवर्तलेले. थोरले बंधू सावजी यांची पत्नी वारली आणि ते विरक्त होऊन तीर्थाटनास निघून गेले. महाजनकी आणि वाणव्यवसाय तुकोबांच्या अंगावर पडला. घरात दोन बायका. पहिली रखमाबाई, तिला दम्याचा विकार. दुसरी जिजाई, जिला आवली म्हणतात. दुष्काळात उधारी बुडाली, गुरे गेली, पत गेली, दिवाळे निघाले. रखमाबाई अन्न अन्न करीत मेली. तिच्या पाठोपाठ संतू नावाचा मुलगा गेला. ज्या घराच्या वाडवडिलांनी गावात विठ्ठलाची मूर्ती आणून पूजली, ज्या घरी पिढ्यानपिढ्या पंढरीची वारी, त्या घराची ही गत झाली.

योगायोग असा, की याच काळात दख्खनच्या मोहिमेवर आलेल्या शहाजहानचा मुक्काम बऱ्हाणपुरास होता आणि तेथे १७ जून १६३१ रोजी त्याची बेगम मुमताजमहल बाळंतपणात वारली. पुढच्याच साली आग्र्यास ताजमहालाचे काम सुरू झाले. देहूच्या वाण्याला असले काही शक्य नव्हते. त्याने गावातल्या विठोबाच्या देवळाकडे पाहिले. ते पडले होते. ते नीट करावे असे मनात आले, असे तुकोबांनीच आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत सांगून ठेवले आहे. चरित्रकार सांगतात की त्यांनी या कामी स्वतः अंगमेहनत केली. देऊळ उभे राहिल्यावर एकादशीचे कीर्तन-जागरण सुरू झाले. त्यानंतरची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. वडिलोपार्जित सावकारीची खते होती. त्यांच्या दोन वाटण्या केल्या, धाकटे बंधू कान्होबा यांचा अर्धा वाटा त्यांच्या हाती दिला आणि आपला अर्धा इंद्रायणीत सोडला. या गोष्टीकडे वैराग्य म्हणून पाहतात ते ठीकच आहे. पण कुळांच्या बाजूने पाहिले तर दुष्काळात पिचलेल्या कित्येक घरांचे कर्ज त्या दिवशी फिटले. कर्जमाफी म्हणतात ती हीच, आणि तीही स्वतःच्या पदरची.

आता मुख्य मुद्दा. पुढे एका अभंगात तुकोबांनी आपल्यावर कोसळलेल्या आपत्तींचा जमाखर्च मांडला आणि त्या आपल्या हिताच्याच ठरल्या, संसाराची ओढ सुटून देवाशी नाते जडले, असा निकाल दिला. हा अभंग कीर्तनांतून पुष्कळ वेळा ऐकू येतो आणि त्यावरून 'दुःख देवाने आपल्या भल्यासाठीच दिलेले असते' असा सिद्धांत काढला जातो. येथे थोडे थांबावयास हवे. तो निकाल तुकोबांनी दिला तो स्वतःच्या खात्यावर दिला. ज्याचे घर बुडाले त्यानेच 'बुडाले ते बरे' असे म्हटले. दुसऱ्याच्या बुडालेल्या घराकडे पाहून त्यांनी असे म्हटल्याचे दिसत नाही. रखमाबाईच्या बाजूने हा हिशेब कसा मांडावा? तिचा अभंग नाही. भुकेने मेलेल्या बाईचे मरण नवऱ्याच्या परमार्थासाठी योजलेले होते, असे म्हणण्याचा अधिकार फार तर तिला होता, आणि ती तर बोलण्यास उरली नाही. हे लक्षात न घेता जो तोच दाखला शेजारच्या घरी, तिरडी उचलण्यापूर्वी, समजूत म्हणून सांगतो, तो तुकोबांचा अर्थ उलटा करतो.

शिवाय तुकोबांनी हा निकाल सुखासुखी दिलेला नाही. त्यांच्या गाथेत देवाशी केलेली भांडणे जागोजाग आहेत. देवाला ते निष्ठुर म्हणतात, दिवाळखोर म्हणतात, आपल्यापुरता देव मेला असे म्हणण्यापर्यंत त्यांची मजल गेली आहे. वारकरी संप्रदायाने हे अभंग लपवून ठेवले नाहीत, गाथेतच ठेवले. देवाला जाब विचारणे हे पाप असते तर ते अभंग इंद्रायणीतून वर येण्याचे कारणच नव्हते!

जिजाईविषयीही दोन शब्द लिहिणे अगत्याचे आहे. चरित्रकारांनी तिला कजाग ठरवले. विठोबाला ती शिव्या देई, 'काळ्या' म्हणे, असे वर्णन येते. परंतु घरात दाणा नाही, पदरी लेकरे, नवरा भंडाऱ्याच्या डोंगरावर. आणि तरी ही बाई त्याची भाकरी घेऊन डोंगर चढते. तिने देवाला दोन शब्द वाकडे बोलले तर तो तुकोबांच्याच भांडणाचा दुसरा सूर म्हणावा लागेल. एकाचे भांडण भक्ती ठरले आणि दुसरीचे भांडण कजागपणा, हा निवाडा काही बरोबर वाटत नाही.

शास्त्रकारांनाही हा प्रश्न चुकला नव्हता. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात तो उघड घेतलेला आहे: जगात कोणी सुखी, कोणी दुःखी, तर ईश्वरावर पक्षपाताचा आणि निर्दयपणाचा दोष येत नाही काय? वैषम्य आणि नैर्घृण्य असे त्या दोषांना म्हटले आहे. उत्तर असे की ईश्वर ज्याच्या त्याच्या कर्मानुसार फळ देतो, म्हणून दोष ईश्वराचा नाही. आणि पहिले कर्म कोठून आले असे विचाराल तर संसार अनादि आहे. पंडितांच्या सभेत हे उत्तर पक्के आहे. पण याने ईश्वरावरचा बोजा उतरला तो थेट दुःखी माणसाच्या डोक्यावर आला. जो भोगतो आहे तोच अपराधी ठरला, आणि अपराध कोणता तो त्याला आठवतही नाही.

हा बोजा सर्वांत जड कोणाला झाला, हे चोखोबांच्या घरी पाहावे. चोखामेळा मंगळवेढ्याचे. पंढरीनाथाचे निस्सीम भक्त, परंतु देवळात प्रवेश नाही. आपला जन्म त्या जातीत का झाला याचे कारण त्यांनी एका अभंगात पूर्वजन्मीच्या चुकीत शोधले आहे. तेव्हाच्या समाजाने त्यांना दिलेले उत्तर तेच होते. पण त्यांच्याच घरात हे उत्तर सगळ्यांनी मुकाट्याने घेतले नाही. त्यांची पत्नी सोयराबाई विचारते की विटाळ म्हणता तो देहातूनच उपजतो, मग त्यावाचून कोणता देह आहे? मुलगा कर्ममेळा तर देवालाच सरळ विचारतो की आम्हांला अशा हीनपणात जन्माला घालून तुला काय मिळाले? बापाने सोसले, मुलाने जाब विचारला. सुमारे सातशे वर्षांपूर्वीचे हे बोल आजही अंगावर येतात.

चोखोबांचा शेवट सर्वांस ठाऊक आहे. मंगळवेढ्याच्या गावकुसाचे बांधकाम चालू होते, ते ढासळले आणि त्याखाली मजूर गाडले गेले. त्यांत चोखोबा गेले. साल १३३८. नामदेवराय तेथे गेले, अस्थी शोधल्या आणि पंढरपुरात महाद्वारासमोर समाधी बांधली. ज्यांना देवळात घेतले नाही त्यांची समाधी देवळाच्या दारात झाली. नामदेवांनी 'हे का घडले' याचा खल करीत न बसता ढिगारा उपसला, एवढे नमूद करून ठेवावे. दार मात्र त्यानंतर सहाशे वर्षे बंदच राहिले. साने गुरुजींनी १ मे १९४७ पासून दहा दिवस पंढरपुरात उपोषण केले तेव्हा ते उघडले. म्हणजे जे पूर्वजन्मीचे फळ म्हणून शतकानुशतके सांगितले गेले ते एका माणसाच्या दहा दिवसांच्या उपोषणाने आणि बडव्यांच्या व लोकांच्या मनावर आलेल्या दडपणाने दूर होण्यासारखे होते!

त्याच मंगळवेढ्याचे दामाजीपंत. बेदरच्या बादशाहीतले ठाणेदार. दुष्काळात त्यांनी सरकारी कोठारे उघडून धान्य लोकांत वाटले आणि पुढे विठोबाने विठू महाराचे रूप घेऊन बेदरास रक्कम भरली, ही कथा लहान मुलेही सांगतात. कथेतील चमत्कार बाजूला ठेवला तरी तिच्यातला सरकारी नोकर विचार करण्यासारखा आहे. वरिष्ठांचा हुकूम नसताना कोठार खुले करणे हा कोणत्याही राजवटीत गुन्हाच. रसद गेली कोठे याचा जाब हिशेबनिसालाच द्यावा लागतो. दामाजीपंतांनी मरणाऱ्यांच्या पूर्वकर्माची चौकशी केली नाही, दप्तराची किल्ली वापरली. आणि लोकांनी कथा रचली तीही अशी, की देव स्वतः महाराच्या वेषात तूट भरून देतो. चोखोबांना ज्यांनी दाराबाहेर ठेवले त्याच समाजाच्या कल्पनेत देव हे रूप घेतो, ही मोठी विचित्र आणि तितकीच आशा वाटावी अशी गोष्ट आहे.

इंग्रजी अमदानीत १८७६ ते १८७८ चा दुष्काळ पडला. पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती जमवून सरकारपुढे ठेवली. सर रिचर्ड टेंपल याने दुष्काळी कामावरील मजुराचे वेतन उतरवून दिवसाला एक पौंड धान्य व वर थोडे पैसे इतके केले, त्यावर फार गदारोळ झाला. तेव्हा सरकारी काटकसरीचे समर्थन अर्थशास्त्राच्या नावाने होत होते; पूर्वी कर्माच्या नावाने होई, एवढाच फरक. महात्मा फुले आणि सत्यशोधक समाजाने १८७७ साली धनकवडीस बालाश्रम काढून दुष्काळपीडित मुलांना जेवू घातले. शेतकऱ्याच्या दैन्याचे कारण फुल्यांनी नशिबात शोधले नाही. 'शेतकऱ्याचा असूड' (१८८३) मध्ये ते अविद्या, सारा आणि कारकून-भटांची लूट यांत दाखवले. कारकुनांविषयी त्यात लिहिलेले वाचताना कोणत्याही तालुका कचेरीतील माणसाने खाली मान घालावी असेच आहे.

पुढे प्लेग आला. १८९६ साली मुंबईच्या मांडवी भागात सुरू झाला व पुण्यात पसरला. देवीचा कोप म्हणून गावे ओस पडली, लोक रानात झोपड्या घालून राहिले. हे राहणे मात्र उपयोगी ठरले, कारण रोग उंदरांच्या पिसवांतून येतो हे १८९८ साली कराचीत सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टराने दाखवले. सावित्रीबाई फुले मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात आल्या, त्यांनाही लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. चांगल्या माणसाच्या वाट्याला असे मरण का यावे, याचे उत्तर कर्मसिद्धांत देऊ शकत नाही. पिसू मात्र देते, ते कितीही रुक्ष असो.

या प्रश्नावर आधुनिक काळात दोन मोठी माणसे समोरासमोर आली. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहार आणि नेपाळात भयंकर भूकंप झाला. दहा हजारांहून अधिक माणसे मेली. महात्मा गांधी तेव्हा अस्पृश्यतानिवारणाच्या दौऱ्यावर दक्षिणेत होते. अस्पृश्यतेच्या पापाबद्दल देवाने केलेली ही शिक्षा आहे, असे ते सभांतून बोलले. रवींद्रनाथ टागोरांना हे पटले नाही. अस्पृश्यतेचे ते काही कमी विरोधक नव्हते. परंतु सृष्टीतील उत्पाताचे कारण सृष्टीच्या नियमांत असते, ते माणसाच्या नीती-अनीतीशी जोडणे बरे नव्हे, यातून अविवेकच वाढेल, असे त्यांनी लिहून कळवले. गांधीजींनी ते पत्र १६ फेब्रुवारी १९३४ च्या 'हरिजन'मध्ये छापले आणि उत्तरही दिले. आपली श्रद्धा सोडली नाही. विरोधकाचे म्हणणे स्वतःच्या पत्रात पूर्ण छापण्याची रीत आज दुर्मिळ आहे, ती घेण्यासारखी आहे.

या वादात टागोरांची बाजू खरी, असेच म्हणावे लागते. गांधीजींचा हेतू निर्मळ होता. ते सवर्णांना आपले पाप पाहा असे सांगत होते, मेलेल्यांना दोष देत नव्हते. तरी हिशेब जमत नाही. मुंगेर-मुजफ्फरपुरात भिंतीखाली मेले त्यांत अस्पृश्य नव्हते काय? शिवाशिव पाळणारा वाचला आणि ज्याला दूर ठेवले तो मेला, तर ही शिक्षा कोणाला झाली? चांगल्या कामासाठी वापरलेले हत्यार उद्या वाईट कामालाही वापरता येते. आज अस्पृश्यतेमुळे भूकंप झाला म्हटले, तर उद्या दुसरा कोणी अस्पृश्यांना देवळात घेतले म्हणून झाला असेही म्हणेल. हे दुसरे म्हणणारे त्या वेळीही होतेच.

१९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला, खडी फोडली, सुकडी आणि मिलो खाल्ला, ती मंडळी आज सत्तरीच्या पुढे आहेत. मे १९७३ मध्ये राज्यात दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या आसपास मजूर होते. १६३० च्या मानाने पाहिले तर पाऊस तसाच गेला होता, पण हजेरीपट होता. मागेल त्याला काम ही कल्पना मांडली वि. स. पागे यांनी. ते विधान परिषदेचे सभापती, मूळचे तासगाव तालुक्यातील विसापूरचे आणि संतवाङ्मयाचे अभ्यासक. त्यांच्या योजनेतून रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला व २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. पैसा उभा केला तो शहरातील पगारदार-व्यावसायिकांच्या व्यवसायकरातून. २००५ साली केंद्राने सबंध देशासाठी तसा कायदा केला. बांधबंदिस्ती, पाझर तलाव, रस्ते ही कामे त्या काळी गावोगाव झाली. त्यांत बोगस हजेऱ्याही झाल्या, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण भुकेल्याने काम मागावे आणि न दिल्यास शासनाने जाब द्यावा, हे कायद्यात लिहिले गेले. जाब देणारा बदलला.

आणि ३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीची रात्र. गणपती बोळवून लोक दमून झोपले होते. पहाटे चारच्या सुमारास लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात धरणी हादरली. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावे जमीनदोस्त झाली. आठ ते दहा हजारांच्या दरम्यान माणसे गेली. देवाचे विसर्जन करून आलेल्यांवरच हे का, असा प्रश्न त्या वेळी कोणाच्या मनात आला नसेल? पाहणी करणाऱ्यांना ढिगाऱ्यांत जे आढळले ते असे: दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या भिंती, मातीत रचलेले ओबडधोबड दगड, वर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात घर थंड राहावे म्हणून पिढ्यानपिढ्या चालत आलेली ही बांधणी. हादरा बसताच भिंतीचा आतला आणि बाहेरचा थर एकमेकांपासून सुटला आणि माळवद झोपलेल्यांवर आले. नंतरच्या बांधकामासाठी तज्ज्ञांनी शिफारस केली ती साधी आहे. दगडी भिंतीत ठराविक अंतराने भिंतीच्या पूर्ण जाडीतून आरपार जाणारा लांब दगड बसवावा, कोपरे एकमेकांत गुंतवावेत, आणि दारा-खिडक्यांच्या वर सगळ्या घराभोवती सलग काँक्रीटची पट्टी फिरवावी. देवळाच्या सभामंडपाची जुनी दगडी भिंत नव्याने रचताना गवंड्याला पहिली सूचना द्यावयाची ती हीच.